सेनाजींची धोकटी



ज्येष्ठातली गोष्ट आहे. मुर्ध्याच्या आमच्या घरी न्हाणीघराच्या भिंतीतला पाइप गळत होता. पलीकडच्या खोलीत भिंतीला ओल धरली, रंगाचे पोपडे सुटले. कोणाच्या तरी ओळखीने एक प्लंबर आला. वय तिशीच्या आतबाहेर, गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गंध. दारातच वाकून पाया पडला आणि "माउली" म्हणाला. मला बरे वाटले. माळकरी आहे, काम चोख करील, असे मी मनाशी धरले आणि त्याच्या हाताकडे बघत उभा राहिलो नाही. त्याने दोन टाइल फोडल्या, जोड बदलला, वरून सिमेंट ओढले, पैसे घेतले आणि गेला. नवव्या दिवशी भिंत पुन्हा ओली.

फोन केला तर म्हणाला, "महाराज, उद्या दिंडीबरोबर निघतोय. आषाढी करून आलो की बघतो."

मी जरा तापलोच. म्हटले, "अरे बाबा, हातातले काम अर्धे टाकून वारीला निघालास?"

त्यावर तो हसला. उर्मटपणाने नव्हे, अगदी भोळेपणाने हसला आणि म्हणाला, "महाराज, तुमच्याच कीर्तनात ऐकलंय. सेना महाराज भजनात बसले तर देव त्यांचं काम करून आला. आमचंही सांभाळून घेईल की!"

वाचक माउलींनो, त्या मुलाचा राग आला नाही असे म्हणालो तर ते खोटे होईल. पण रात्री झोप गेली ती रागाने गेली नाही. "तुमच्याच कीर्तनात ऐकलंय" या शब्दांनी गेली. कारण ते खरे होते. सेनाजींचे आख्यान मी चाळीसहून अधिक वर्षे सांगितले, आणि ते तसेच सांगितले. त्या रात्रीपासून जे मनात चालले आहे ते इथे मांडतो. वाचताना कोणाला टोचले तर आधी मला टोचले आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

कामाचा दर्जा घसरला, सेवा म्हणून काही उरली नाही, हे गाऱ्हाणे आता घराघरात आहे. माझ्या वयाची चार माणसे संध्याकाळी बसली की दुसरा विषय नसतो. आमच्या भागात एकच रस्ता एका वर्षात तीनदा खणलेला मी पाहिला आहे. एकदा पाण्यासाठी, एकदा केबलसाठी, एकदा गटारासाठी, आणि तिन्ही वेळा वर टाकलेली खडी पहिल्या पावसात वाहून गेलेली. खिडकीपाशी उभे राहावे तर आतला माणूस मान वर करत नाही. शिंप्याकडे सदरा टाकावा तर सांगितलेल्या दिवशी मिळत नाही, मिळाला तर बाहीला आखूड. १९८५ साली इथे नगरपालिका झाली आणि २००२ साली महानगरपालिका. पाट्या मोठ्या होत गेल्या. त्याबरोबर काम मोठे झाले का, हे ज्याचे त्याने आपल्या दारातले गटार पाहून ठरवावे. मी कोणा एका खात्याला धरून बोलत नाही. हा रोग एका खात्याचा असता तर औषध सोपे होते.

दाराबाहेर पाहावे तर तेच. मालवणला राजकोटावर छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभारला. पस्तीस फूट उंचीचा. ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही पुरे झाले नाहीत. वाऱ्याचा जोर होता, असे सांगण्यात आले. तिथून समोर समुद्रात पाहावे तर सिंधुदुर्ग उभा आहे. त्याचे काम १६६४ साली सुरू झाले. तेव्हापासून तोच वारा, त्याच लाटा, तेच खारे पाणी तो अंगावर घेतो आहे. पायाच्या चिऱ्यांना शिसे ओतून पक्के केले होते असे सांगतात. समुद्रात बांधायचे तर पाण्याखाली, जिथे कोणी पाहायला जाणार नाही तिथे, आधी पक्के केले पाहिजे, ही अक्कल त्या बांधणाऱ्यांना होती.

रायगड ज्यांनी पाहिला आहे त्यांना जगदीश्वराच्या देवळाची पायरी आठवत असेल. राजधानी बांधणाऱ्या हिरोजीने आपले नाव कळसावर घातले नाही, पायरीवर घातले. भक्तांच्या पायांची धूळ पडावी म्हणून, असे आपण सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण त्या दगडावर नावाच्या आधी कोणता शब्द आहे? सेवा. आपण सेवेत तत्पर आहोत, एवढीच ओळख त्याने दिली. हा शब्द आपल्याही तोंडी रोज असतो. कीर्तन म्हणजे सेवा, वीणा धरणे सेवा, दिंडीत पाणी वाटणे सेवा. पण हिरोजीची सेवा म्हणजे चुना नीट मळणे, ओळंबा धरणे आणि दगडाला दगड बसतो की नाही हे डोळ्यांनी पाहणे होती. आपल्या बोलण्यातून सेवेचा हा अर्थ कधी गळून गेला, तेच मी शोधतो आहे.

पंढरीतले उदाहरण तर सर्वांच्या डोळ्यांपुढचे आहे. २०२४ साली १५ मार्चपासून २ जूनपर्यंत श्रीविठ्ठलाचे पदस्पर्शदर्शन बंद होते. पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली मंदिराचे जतनाचे काम चालले होते. गाभाऱ्यातले आणि मंडपातले मागाहून बसवलेले ग्रॅनाइट आणि टाइल काढल्या, दगडावर चढलेले रंग काढले, आणि आतून जुना दगड बाहेर आला. दर्शन सुरू झाल्यावर जे गेले ते सांगत होते की देऊळ वेगळेच वाटते, थंड वाटते, देव जवळ आल्यासारखा वाटतो. मलाही तसेच वाटले. पण मग विचार आला, त्या टाइल बसवल्या कोणी? परकीयांनी? आपणच की. चांगल्या भक्तीने, कोणी देणगी देऊन, कोणी स्वच्छ दिसावे म्हणून. ज्या पाथरवटाने तो खांब घडवला त्याच्या कामावर आपण चकचकीत लादी चढवली, आणि वर्षानुवर्षे त्या लादीलाच नमस्कार करत पुढे सरकलो. खालच्या दगडाची आठवणही आपल्याला राहिली नाही.

मला म्हणायचे आहे ते हे, की कीर्तनातही आम्ही तेच केले. संतांच्या कथांवर लादी चढवली.

सेनाजींचे आख्यान घ्या. सेनाजी राजाच्या पदरी. राजाचे बोलावणे आले तेव्हा ते पूजेत, भजनात बसलेले. निरोपावर निरोप येतात, इकडे राजा संतापतो, आणि तिकडे पांडुरंग सेनाजींचे रूप घेऊन, काखेत धोकटी मारून वाड्यात जातो. इथे टाळ वाढतात, पखवाजाची थाप चढते, श्रोते डोळे पुसतात. कीर्तनकार म्हणतो, पाहा देवाला भक्ताची केवढी काळजी! आणि जयजयकार होतो. मीही तिथेच थांबत आलो. टाळ्या तिथे पडतात ना!

पण कथा पुढे आहे. देवाने तिथे जाऊन काय केले? राजाला चतुर्भुज दर्शन देऊन तो पळाला नाही. त्याने वस्तरा परजला, हजामत केली, अंगाला तेल लावून मर्दन केले. इतके निगुतीने केले की राजाला कधी नव्हे तो विसावा मिळाला, आणि तेलाच्या वाटीत त्याला देवाचे रूप दिसले. म्हणजे देव दिसला तो कामात दिसला, चांगल्या केलेल्या कामात. आणि सेनाजींना हे कळले तेव्हा त्यांनी काय केले? वा, माझे काम परस्पर झाले, असे म्हणून ते पुन्हा भजनाला बसले नाहीत. माझी धोकटी देवाला वाहावी लागली म्हणून ते कळवळले. हे रडणे आम्ही कीर्तनकारांनी दोन वाक्यांत उरकले. त्या प्लंबर मुलाच्या कानावर ते पडलेच नाही.

आता बाकीच्या कथा याच नजरेने पाहा. जनाबाईंना दळू लागायला देव आला. पीठ जाडेभरडे राहिले असे कोणी सांगितलेले नाही. पैठणला नाथांच्या वाड्यात श्रीखंड्या झाला आणि बारा वर्षे गोदावरीचे पाणी वाहिले. रांजण अर्धा भरून "आज एवढेच" म्हणाला असे ऐकले आहे का? दामाजीपंतांसाठी विठू महार होऊन तो बीदरला गेला, तेव्हा धान्याची किंमत मोजून पैसे चुकते केले आणि पावती घेतली. पावती घेतली, हे महत्त्वाचे! महिपतीबुवांनी शके १६८४ मध्ये भक्तविजय पुरा केला, त्या ग्रंथातल्या कथा घराघरात वाचल्या जातात. त्यांतला देव कामाला आला की कामात खोट ठेवत नाही. भक्ताकडून राहिलेले तो पुरे करतो. राहिले तरी चालते, असे तो कोणाला सांगत नाही.

आणि गोरोबाकाका. या कथेविषयी बोलताना माझी जीभ अडखळते, कारण इथे माझा अपराध मोठा आहे. तेरला गोरोबा चिखल तुडवत होते, नामात देहभान हरपले, आणि रांगते लेकरू पायाखाली आले. ही तन्मयता मी अशी रंगवली की ऐकणाऱ्या माणसाला वाटावे, भान सुटणे हीच मोठी कमाई. पण ती माउली पाण्याला जाताना नवऱ्याला काहीतरी सांगून गेली होती. बाळाकडे लक्ष ठेवा, असे सांगून गेली होती. या वाक्यावर मी कधी थांबलो नाही. एका गावी कीर्तन संपल्यावर एक म्हातारी भेटली. म्हणाली, "बुवा, तुम्ही देवाचं सांगितलं, गोरोबाचं सांगितलं. त्या बाईचं काय झालं ते नाही सांगितलं." मी हसून वेळ मारून नेली. आज तिचे ते विचारणे आठवले की लाज वाटते. पुढे गोरोबांचे हात गेले तेव्हा पांडुरंग विठू कुंभार होऊन त्यांच्या घरी राबला, चाक फिरवले, भट्टी लावली, मडकी घडवून दिली. थोटे झालेल्या भक्ताच्या घरची चूल त्याने मडकी करूनच पेटती ठेवली, चमत्काराने धान्य पाडून नव्हे.

त्याच गोरोबांच्या हाती संतांनी थापटणे दिले होते. मडके कच्चे की पक्के हे वाजवून कळते, तशी त्यांनी एकेका संताच्या डोक्यावर थाप मारली, आणि नामदेवांसारख्या देवाच्या लाडक्याला कच्चे ठरवले. नामदेव रुसले, देवाकडे गेले. देवाने समजूत घातली, पण निकाल फिरवला नाही. त्यांना गुरू करायला लावले, विसोबा खेचरांकडे पाठवले. आपल्या संप्रदायात तपासणीला केवढा मान होता पाहा. आणि आज? माळ दिसली की आपण तपासत नाही. मीही त्या मुलाची माळ पाहिली आणि हात पाहिला नाही.

नरहरी सोनारांची कथा कामाच्या अंगाने फारच बोलकी आहे. ते शिवभक्त. विठ्ठलाच्या देवळात जायचे नाही हा पण. सावकाराने देवासाठी कमरेची साखळी करायला सांगितली तर ते म्हणाले, माप आणून द्या. माप आणले, साखळी केली, ती बसेना. दुरुस्त केली, तरी बसेना. शेवटी डोळे बांधून का होईना, स्वतः जाऊन देवाच्या कमरेला हात लावावा लागला, तेव्हा हरिहर एक असल्याचे कळले आणि साखळीही बसली. आपण पहिले तेवढे सांगतो. दुसरेही तितकेच खरे आहे. दुसऱ्याने आणलेल्या मापावर काम बसत नाही. आज काय चालते? कामाचे माप एक घेतो, कंत्राट दुसरा घेतो, तो तिसऱ्याला देतो, तिसरा चौथ्याला, आणि हात लावतो तो पाचवा, ज्याला काम कोणाचे, कशासाठी, हेही ठाऊक नसते. वरचे चौघे आपापला वाटा काढून घेतात आणि पाचव्याच्या हातात जे उरते तेवढ्यात त्याने चुना कालवायचा असतो.

या पाचव्याविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण आपल्याकडे त्याचा एक संत आहे.

चोखोबाराय मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीच्या कामावर होते. खुशीने गेले नव्हते, राबायला लावले होते. शके १२६० मध्ये ती भिंत कोसळली आणि इतरांबरोबर तेही तिच्याखाली गेले. नामदेवराय गेले, ढिगाऱ्यातून अस्थी वेचल्या, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरीला महाद्वारासमोर समाधी दिली. हाडांतल्या नामाचा प्रसंग मी किती वेळा सांगितला याची मोजदाद नाही. पण भिंत का पडली? पाया उथळ होता का, माती कच्ची होती का, बांधून घेणाऱ्याला घाई होती का, खाली माणसे असताना वर भार चढवला का? इतक्या वर्षांत मी हे एकदाही विचारले नाही, आणि श्रोत्यांतल्या कोणी मला विचारले नाही. जी माणसे बांधत होती तीच खाली सापडली, बांधून घेणारे सापडले नाहीत. कामातली खोट बहुतेक वेळा अशाच माणसांच्या अंगावर येते, ज्यांच्या हातात ती सुधारण्याचा अधिकार नसतो.

१५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. इंद्रायणी म्हणजे आपली नदी. तीन दिवसांनी देहूतून तुकोबारायांची पालखी निघाली. पूल जुना झाला आहे, धोक्याचा आहे, हे ठाऊक होते. नव्या पुलाचे कागद झाले होते, पूल झाला नव्हता. त्या वर्षीच्या वारीत किती फडांवर या चौघांसाठी दोन शब्द बोलले गेले, कोण जाणे. मी तरी बोललो नाही.

आता आमच्या घरात येतो, म्हणजे नारदाच्या गादीवर. कारण दुसऱ्याच्या गळक्या पाइपावर बोट ठेवणाऱ्याने आपला पाइप आधी पाहावा.

विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. कीर्तनाला उभा राहणारा माणूस आधी शिकलेला असावा, ग्रंथ बसून वाचलेला असावा, ही त्यामागची तळमळ. चार वर्षांचा अभ्यास लावला. पाठांतर, गीता, ज्ञानेश्वरी, गाथा, आणि या सगळ्यानंतर गादी. आजही तिथून तयार होऊन निघणारी मुले पाहिली की ऊर भरून येतो. पण बाहेर बाजार कसला भरला आहे? मोबाइलवर दुसऱ्याचे कीर्तन पाहून तेच विनोद, तेच हातवारे, त्याच सुनांच्या आणि सासवांच्या नकला. दोन तासांच्या कीर्तनात अभंगाला वीस मिनिटे. आवाज बसलेला असला तरी यंत्र त्याला घुमवते, मग सूर कशाला लावायचा? बिदागी आधी ठरते, अर्धी आगाऊ पोचते, आणि महाराज तास उशिरा येतात. कीर्तन करणाऱ्याने त्या ठिकाणाहून काही घेण्याबाबत तुकोबारायांनी घालून दिलेला कडक नियम वाचकांना पाठ आहे, मी आठवण करून देण्याची गरज नाही. सगळेच असे नाहीत. पण जे असे नाहीत त्यांच्या तारखा रिकाम्या राहतात, आणि हे मात्र श्रोत्यांचे काम आहे, कीर्तनकारांचे नाही.

मी वेगळा होतो असे समजू नका. एका वर्षी एकाच रात्री दोन सेवा घेतल्या. संध्याकाळी एका गावी, आणि तिथून रिक्षाने धावत मुर्ध्याच्या सप्ताहात. अभंग नीट पाहिला नव्हता. जुन्या शिदोरीवर भागवले. दोन हशे घेतले, एकदा डोळ्यांत पाणी काढले, वेळेवर गजर धरला. लोक खूश. पाया पडून जात होते. त्यात एक म्हातारे टाळकरी आले. जन्म मिठागरात गेलेला, आगरी माणूस. बुक्का लावून घेतला आणि हळूच म्हणाले, "बुवा, आज तल तुरवला नवता."

तळ तुडवला नव्हता. मुर्धे, राई, मोर्वे या पट्ट्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही; इतरांसाठी सांगतो. मीठ पिकते ते पाण्यात, पण ठरते ते तळावर. पावसाळा संपला की मिठागरातला चिखल काढायचा, तळ सारखा करायचा आणि पायांनी तुडवून तुडवून इतका टणक करायचा की त्यावरून पाणी फिरले तरी माती वर येऊ नये. हे काम दिवसांचे दिवस चालते, आणि त्या दिवसांत मिठाचा एक कणही दिसत नाही. मग भरतीचे पाणी घ्यायचे, एका खणातून दुसऱ्या खणात फिरवायचे, उन्हाने ते दाट होऊ द्यायचे. तळ कच्चा राहिला तर मीठ येते, येत नाही असे नाही. पण ते मळके येते, आणि जाणकार ते तळहातावर घेताच ओळखतो.

त्या रात्री हजारभर माणसे होती आणि थापटणे त्या एकाच्या हातात होते. मी त्यांना काय उत्तर दिले? "वय झालं बाबा," म्हणालो. तेव्हा मी पन्नाशीचाही नव्हतो. ते आता नाहीत. मिठागरेही पूर्वीसारखी राहिली नाहीत.

माउलींनी अठराव्या अध्यायात सांगितलेली गोष्ट आपण सगळे जाणतो. आपल्या वाट्याला आलेले काम हीच त्या सर्वात्मक ईश्वराची पूजा, आणि कर्माला त्यांनी फुलाची उपमा दिली. कुंभाराने पिढ्यान्‌पिढ्या कुंभारच राहावे असा याचा अर्थ लावणारे लावोत, मी लावत नाही. मला त्यातले फूल महत्त्वाचे वाटते. आपण देवाला फूल वाहताना किडके वाहत नाही, वास घेतलेले वाहत नाही, पाकळी तुटलेली असली तर बाजूला ठेवतो. सकाळी परडी भरताना एवढी निवड करणारा माणूस दहा वाजता कामावर गेल्यावर कसे फूल वाहतो?

आणि दुसऱ्याने वाहिलेल्या फुलाचे आपण काय करतो, हेही पाहिले पाहिजे. गवंडी नीट काम करणारा असला की त्याला वेळ लागतो. वेळ लागला की आपण कुरकुरतो. दोन दिवसांत करून देतो म्हणणारा येतो, शंभर रुपये कमी घेतो, त्याला आपण काम देतो. मग भिंत गळली की काळ बदलला म्हणतो. सप्ताहाच्या मंडपाला लाखांनी वर्गणी निघते. त्याच मंडपामागे ताटे-पातेली घासणाऱ्या बायकांची मजुरी ठरवताना आपली समिती तास न् तास घासाघीस करते. मी त्या समितीत बसलेलो आहे. ज्येष्ठ म्हणून मधल्या खुर्चीवर बसलेलो आहे आणि काही बोललेलो नाही.

असो. आषाढी झाली, आणि चार दिवसांनी तो मुलगा स्वतःहून दारात उभा. हातात पंढरीचा प्रसाद, चुरमुरे आणि बुक्का. चेहरा रापलेला, पायाला फोड. मी प्रसाद घेतला, त्याला पाणी दिले आणि म्हटले, "बस जरा. सेना महाराजांची गोष्ट तुला अर्धी सांगितली होती, उरलेली ऐक." धोकटी, वस्तरा, तेलाचे मर्दन, आणि शेवटी सेनाजींचे रडणे, सगळे सांगितले. टाळ नाही, पखवाज नाही, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी. तो गप्प बसून ऐकत होता. मग म्हणाला, "हे त्या दिवशी नव्हतं सांगितलं."

म्हटले, "नव्हतं सांगितलं. माझी चूक."

त्याने टाइल पुन्हा फोडल्या. जोडाला सोल्युशन नीट लागलेच नव्हते, पाइप आत पुरता बसलाही नव्हता. काम करता करता तो आपणहून बोलू लागला. त्या दिवशी त्याला चार ठिकाणी जायचे होते. काम लावून देणारा माणूस कामागणिक पैसे देतो, त्यातला मोठा हिस्सा स्वतः ठेवतो, आणि वेळ लागला तर पुढचे काम दुसऱ्याला देतो. हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा सांगत होता. जोड बसवल्यावर त्याने लगेच सिमेंट लावले नाही. पाणी सोडले, तासभर तिथेच बसून राहिला, मधूनमधून बोट फिरवून पाहत होता. पैसे घेईना. पाइपाचे नको घेऊ म्हटले, पण आजचा दिवस बुडाला त्याचे घे. बराच वेळ नाही-नाही करून मग घेतले.

त्याला आठ दिवस झाले. पोपडे अजून तसेच आहेत, रंग दिवाळीला काढू. मी रोज सकाळी स्नानाआधी त्या भिंतीला तळहात लावून पाहतो. आजवर कोरडी आहे.